पाचव्या माळेचा कोहळा

प्रश्न असा आहे: "सणावाराच्या जेवणाशी जोडलेली अशी कोणती पद्धत तुमच्या घरात आहे, जी बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो तुम्हाला खुळ्यात काढेल? आणि ती पडली कशी?"

आमच्या घरातून दर नवरात्रात पाचव्या माळेला एक अख्खा कोहळा माझ्या आत्तीच्या घरी जातो. सोबत साडी नाही, ओटी नाही, पेढे नाहीत. नुसता कोहळा. आत्ती तो दारातच घेते, दोन्ही हातांवर तोलून बघते, "गेल्या साली ह्याच्यापरास मोठा हुता" असं म्हणते आणि आत नेऊन ठेवते. मग सातव्या माळेच्या संध्याकाळी पिशवी घेऊन आमच्याकडं येते ती दसरा झाल्यावरच परत जाते. इतकंच. पण हे असं का, ते सांगायचं तर आधी टेंबलाईचं सांगावं लागेल.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: टेंबलाई म्हणजे त्र्यंबोली, शहराच्या पूर्वेला टेकडीवर बसलेली देवी. कोल्हासुराचा पोरगा कामाक्ष याला तिनं मारलं आणि अंबाबाईला सोडवलं, अशी कथा सांगतात. विजयाचा सोहळा झाला, सगळ्या देवांना आवतण गेलं, आणि जिच्यामुळं हा दिवस दिसला तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली, शहराकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला गेली. म्हणून अजूनही ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात आणि त्याचा एखादा तुकडा मिळावा म्हणून माणसं अक्षरशः एकमेकांच्या अंगावर पडतात. थोडक्यात, जेवणाला बोलवायचं विसरल्यावर काय होतं हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. तरी आम्ही विसरलो.

साल १९८४, आषाढ. मी तिसरीत. आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. आषाढात नदीला नवं तांबूस पाणी आलं की मंगळवार-शुक्रवार बघून गल्ल्यागल्ल्यांची टेंबलाईची जत्रा निघते. पोरींच्या डोक्यावर फुलं-लिंब बांधलेले तांबे-कळश्या, पुढं पी-ढबाक. पी-ढबाक हे वाद्याचं नाव आणि तोच त्याचा आवाज, सनईची पी आणि ढोलाचा ढबाक. ते नवं पाणी टेंबलाईच्या पायऱ्यांवर ओतायचं, नैवेद्य दाखवायचा आणि घरी येऊन मटणावर तुटून पडायचं.

आणि आत्तीचं घर कुठं? टेंबलाईवाडीला. टेकडीच्या पायथ्याला, जत्रेच्या वाटेवर. तिचे यजमान उद्यमनगरात लेथवर होते, तेव्हा तिकडं जागा स्वस्त मिळाली म्हणून दोन खोल्या बांधल्या होत्या. त्या शुक्रवारी आमची अख्खी गल्ली ढबाक ढबाक करत तिच्या दारावरून गेली. आत्ती घागर घेऊन उभीच होती. तिनं आम्हा पोरींच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, माझ्या डोक्यावरचा तांब्या वाकडा झाला होता तो सरळ केला. आई तिच्याशी बोलली, काकी बोलली. आणि सगळ्या पुढं गेल्या.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, वाटलं काकांनी निरोप दिला असेल. काकांना वाटलं मोठ्या भावानं दिला असेल. आईला वाटलं सख्खी नणंद, तिला काय वेगळं सांगायचं, ती येणारच. काकीला काय वाटलं ते तिनं कधी सांगितलं नाही. रात्री तीस-पस्तीस पानं उठली, सगळी नीट जेवली, आणि हात धुताना आज्जीनं विचारलं, "थोरली कुठाय?"

आता इथं पांढऱ्या रश्श्याबद्दल जरा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलंय. मटण नुसत्या आलं-लसूण-मिठात शिजवायचं, त्याचं निघतं ते अळणी पाणी. ते आधी घरातल्या बारक्या पोरांना वाटीवाटीनं द्यायचं, उरलेल्याचा रस्सा करायचा. ओल्या नारळाचं दूध, खसखस-तीळ-काजू वाटून, तुपात वेलदोडा, दालचिनी, लवंग, मिरी. आच मंद. नारळाचं दूध पडल्यावर खळखळ उकळी आली की रस्सा फुटतो, वर पाणी आणि खाली चोथा. म्हणून तो दुसऱ्या दिवशी नीट गरम होत नाही आणि लांब नेताही येत नाही. तांबड्याचं तसं नाही, तांबडा दुसऱ्या दिवशी जास्त लागतो. (बाहेर "कोल्हापुरी" नावाखाली जे लालभडक आणि जाळ मिळतं त्याबद्दल मी बोलत नाही. आमच्याकडं तिखट खातात, पण ते खमंग असायला लागतं. तांबड्याची तर्री आणि घशाची आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा सायकलला डबा अडकवून टेंबलाईवाडीला गेले. मला दांड्यावर बसवलं होतं, बहुतेक ढाल म्हणून. चार ताळी डबा: सुक्कं, तांबडा, पांढरा आणि वर भाकरी. आत्तीनं आम्हाला पाट दिला, पाणी दिलं, चहा ठेवला. मग डबा उघडला. एक ताळ उघडली, दुसरी उघडली. तिसरीत पांढरा होता. सायकलीवर पाच किलोमीटर डुचमळून आणि त्याआधी आईनं घाईत उकळून त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. आत्तीनं झाकण हातात धरून आत बघितलं.

"फुटलाय," ती म्हणाली.

आण्णा म्हणाले, "तांबडा चांगला हाय की."

तिनं चारी ताळी परत एकावर एक लावल्या, कडी घातली आणि डबा आण्णांच्या पुढं सरकवला. "आमच्यात शनवार असतोय."

आत्तीच्यात शनिवार कधीच नव्हता. तिच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती, तिच्या हातचं शनिवारचं मटण आम्ही कितीतरी वेळा खाल्लं होतं. आण्णांनी डबा उचलला. दारातून निघताना तिनं एवढंच म्हटलं, "माझ्या दारावरनं गेलासा. मी पोरींच्या पायावर पाणी घातलं. एकीनं तरी म्हणायचं, चला."

त्यानंतर बेंदूर गेला, पंचमी गेली, राखी गेली, गौरी आल्या नि गेल्या. आत्ती आली नाही. भांडण नाही, बोलणं बंद नाही, बाजारात भेटली तर माझ्या हातावर चार आणे ठेवायची. पण उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी घालताना घागर घुमवायला ती नसली की सगळं बेसूर वाटायचं. आई दोनदा जाऊन आली, तेव्हा चहा मिळाला, होकार नाही.

नवरात्र आलं. आमच्या घटाला चौथ्या माळेपर्यंत कारळ्याची पिवळी फुलं मिळाली होती, ते मला आठवतं, कारण माळ ओवायचं काम माझं होतं. पाचव्या दिवशी सकाळी आण्णा मार्केट यार्डात निघाले होते, गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते ते. आज्जी घटासमोर बसूनच म्हणाली, "आज कुठं बाजारात जातोस? आंबाबाई जगाची आई, ती पालखीत बसून भणीच्या दारात चालली. तू कोण लागून गेलायस? सायकल काढ."

आण्णांनी सायकल काढली. वाटेत कपिलतीर्थ मंडईत थांबले आणि एक कोहळा घेतला. का घेतला हे त्यांना पुढं तीस वर्षं कुणी ना कुणी विचारत राहिलं. ते म्हणायचे, मोकळ्या हातानं कसं जायचं, आणि त्या दिवशी समोर कोहळेच लावले होते. ते खरंच होतं, पंचमीला मंडईत कोहळेच दिसतात. कॅरियरला सुतळीनं बांधला, शाहू मिलवरून टाकाळ्यापर्यंत गेले आणि पुढं पालखीच्या गर्दीत सायकल चालेना. मग सायकल एका दुकानात लावली आणि सात-आठ किलोचा कोहळा खांद्यावर घेऊन चालत निघाले. लोक म्हणे वाट देत होते, देवीच्या मानाचाच कोहळा चाललाय असं वाटून.

आत्तीच्या दारात त्यांनी तो खाली ठेवला. आत्तीनं कोहळ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. खांद्यावर पांढरी राख लागली होती, कोहळ्यावर असते ती.

"हे काय?"

"आक्का, फोडायचा तर फोड, नाहीतर माझ्या डोक्यात घाल. पण चल."

ती हसली म्हणतात. मी तिथं नव्हते, आण्णांनी सांगितलेलं आहे आणि आण्णा गोष्ट जरा फुगवून सांगायचे. पण सातव्या माळेला संध्याकाळी आत्ती पिशवी घेऊन आमच्या दारात उभी होती हे मी स्वतः बघितलंय. आज्जीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आणि आत्ती हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात गेली, कारण दुसऱ्या दिवशी कडाकण्या होत्या.

कडाकणी ही आमच्या भागातली नवरात्राची चीज. दिवाळीच्या फराळात ती नसते, हॉटेलात नसते. दिसायला कडक पुरी. अष्टमीला करायची, दोऱ्यात ओवायची आणि घटावर बांधलेल्या मांडवीला टांगायची. याला फुलोरा म्हणतात. नुसत्या गोल पुऱ्या नाहीत, देवीचं सगळं सामान करायचं: वेणी, फणी, जोडवी, कुंकवाचा करंडा, पाळणा. दसऱ्याला घट उठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दोन दिवस तुपकट-गोड वासाची ती माळ डोक्यावर लोंबकळत असते आणि खाली आम्ही पोरं आरतीला टाळ्या वाजवत वर बघत असतो. माझ्या बारक्या भावानं एकदा एक जोडवं तोडून खाल्लं. आत्तीनं संध्याकाळी मोजलं, काही बोलली नाही, दुसरं तळून टांगलं आणि आरती झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "देवीनं एक जोडवं आज काढून ठेवलंय, पाय दुखत असल्यात." भाऊ त्या रात्री जेवला नाही.

आईचं माप दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी पिठीसाखर, चिमूट मीठ आणि पाव वाटी कडकडीत तेलाचं मोहन. आत्तीला साखर चालायची नाही. आण्णा अडतीवरून गुळाची भेली आणायचे, ती तो गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळायची आणि त्यात पीठ भिजवायची. यावरून दोघींचं दरवर्षी वाजायचं. साखरेची कडाकणी पांढरी, काचेसारखी कडक. गुळाची बदामी, खमंग, पण ढगाळ हवेत दुसऱ्या दिवशी सादळते. शेवटी तोडगा निघाला: आत्तीच्या देवीला, आईच्या खायला. देवी तक्रार करत नाही म्हणून असेल.

पीठ घट्ट पाहिजे, इतकं की मळताना मनगट बोललं पाहिजे. तासभर झाकून ठेवायचं. लाटायचं पातळ आणि तळण्याआधी सगळीकडं टोचे मारायचे, नाहीतर ती फुगते आणि फुगली की पुरी झाली, कडाकणी नाही. दोऱ्यासाठी भोक लाटतानाच काडीनं पाडायचं. तळल्यावर पाडायला गेलं की दोन तुकडे, हे मी स्वतः सिद्ध केलंय. फणीचे दात आत्ती सुरीच्या टोकानं कापायची, वेणीला पिठाच्या तीन वळ्या खरोखर वेणीसारख्या घालायची. उपास असायचा, त्यात नैवेद्याचं, म्हणजे चव बघायची सोय नाही. ती झाऱ्यावरच्या कडाकणीला नखानं टिचकी मारायची आणि कान पुढं करायची. टण वाजलं तर काढायची, टप वाजलं तर परत तेलात. मी इतकी वर्षं मारतेय टिचक्या, मला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

दसऱ्याला घट उठला की उगवलेलं धान पुरुषांच्या टोपीत आणि बायकांच्या वेणीत. संध्याकाळी दसरा चौकात जायचं. पालख्या यायच्या, छत्रपतींची मेबॅक मोटार यायची, शमीपूजन व्हायचं आणि मग सोनं लुटायला जी झुंबड उडायची तिच्यात माझी एक चप्पल दरवर्षी जायची. घरी येऊन फुलोरा सोडायचा. वेणी माहेरवाशिणीला, म्हणजे आत्तीला. फणी मला. बाकीचं कोण काय घेतं यावर मारामाऱ्या. आणि दुसऱ्या दिवशी मटण, पांढऱ्यासकट, आणि पहिलं पान आत्तीचं. कुणीही आपणहून पाटावर बसायचं नाही, आधी तिला नावानं हाक मारायची, "आक्का, चला." हेही त्याच वर्षी सुरू झालं, कुणी ठरवलं नव्हतं.

तो कोहळा, विचारायच्या आधी सांगते, फोडला नाही. आत्तीनं शिंक्यात टांगून ठेवला. अख्खा कोहळा महिनोन्महिने टिकतो. उन्हाळ्यात तिनं तो किसून उडदाच्या डाळीच्या वाटणात कालवून सांडगे घातले आणि चैत्रात डबाभर सांडगे आमच्याकडं पाठवले. पुढच्या पंचमीला आण्णा परत कोहळा घेऊन गेले. रुसवा नव्हता, कारण नव्हतं, तरी गेले. तेव्हापासून चाललंय. २०१४ ला आण्णा गेले, आता भाऊ जातो, स्कूटरच्या पायाशी कोहळा ठेवून.

मध्ये एकदाच उलटं झालं. ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या घरात खालच्या मजल्यावर छातीइतकं. नुकतीच डंकावरून कांडून आणलेली वर्षाची चटणी, बारा किलो, बरण्यांसकट पाण्याखाली गेली. (आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखट मसाला, इडलीबरोबरची नव्हे.) आई माडीवर बसून म्हणत होती, "आक्कांच्याकडं कसं जायचं, अशी मोकळ्या हातानं, पाच जणं?" तेवढ्यात आत्तीचा मुलगा कमरेइतक्या पाण्यातून गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथूनच ओरडला, "मामी, आईनं सांगितलंय, बोलवायचं नाही. घेऊनच यायचं!"

टेंबलाईवाडी उंचावर, तिथं पुराचं पाणी जात नाही. दहा दिवस तिथं राहिलो. मी राजारामपुरीत दिलेली, माझ्या घराला काही झालं नव्हतं, तरी मीही तिथंच. पहिल्या रात्री आमटी-भात आणि कोहळ्याचे तळलेले सांडगे. निघताना आत्तीनं तिच्या चटणीतली निम्मी बरणी आईला दिली आणि तिखट कमी आहे म्हणून वर माफी मागितली.

आता ती ऐंशीच्या पुढं आहे. दात नाहीत, कडाकणी दुधात भिजवून खाते, पण टिचकी अजून तीच मारते. २०२१ ला दसरा शुक्रवारी आला. म्हणजे मटणाचा दिवस शनिवार. भावानं कुणाला न विचारता खाटकाला रविवारचं सांगून टाकलं. भावाची सून पुण्याची, नवीन लग्न झालेलं, तिला कळेना. तिनं सरळ आत्तीलाच विचारलं, "आत्ती, तुमचा शनिवार कुठल्या देवाचा असतो?"

आम्ही सगळे ताटाकडं बघायला लागलो.

"टेंबलाईचा," आत्ती म्हणाली.

"पण टेंबलाईचा मंगळवार-शुक्रवार असतो ना?"

"तो तिचा. हा माझा," आत्ती म्हणाली, आणि वेणीचा तुकडा दुधात बुडवला.